नाशिकच्या बाजारातील पैसा : कार्षापणापासून यूपीआयपर्यंत

पैशाचे नवे रूप बाजारात आले म्हणजे ते आपोआप चालू लागते असे नाही. घेणाऱ्याला आधी तीन गोष्टींची खात्री हवी असते. हा पैसा खरा आहे आणि त्यामागे कुणीतरी भक्कम उभे आहे, ही पहिली. आपण घेतला तसा पुढचाही तो बिनतक्रार घेईल, ही दुसरी. या हातातून त्या हातात जाताना त्यात घट येणार नाही, ही तिसरी. नाणे, हुंडी, नोट, धनादेश आणि आता मोबाइलवरून होणारा भरणा, या सगळ्यांना बाजाराने याच तीन कसोट्यांवर पारखले. जे उतरले ते रुळले, जे उतरले नाही ते मागे पडले. ही पारख दोन हजार वर्षांच्या अंतराने जिथे पुन्हा पुन्हा झालेली दिसते, अशा मोजक्या ठिकाणांपैकी नाशिक एक आहे. येथे लेण्यांच्या भिंतीवर व्याजाचे दर कोरलेले आहेत, नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात आणि भाजीच्या हातगाडीवर क्यूआर कोडची पाटी लटकते.

श्रेणींकडील ठेव

पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने कोरवून घेतले. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा हा काळ. तेथील ४२व्या वर्षाच्या शिलालेखात तीन हजार कार्षापणांच्या देणगीची नोंद आहे. ही रक्कम भिक्षूंच्या हाती रोख दिलेली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने ठेवले, तर दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम कधीच परत घ्यायची नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट आहे. अशा कायम ठेवीला त्या काळी ‘अक्षयनीवी’ म्हणत.

हिशेब नेमका आहे. दोन हजारांवर शेकडा एकने वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेखात म्हटले आहे की पावसाळ्याचा वास लेण्यात करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि दप्तरात नोंदवला गेला, हेही त्याच लेखात नमूद आहे. पैसा प्रत्यक्ष न हलवता एका संस्थेच्या नावे नोंदवणे, त्या नोंदीवर व्याज घेणे आणि नोंद सर्वांसमोर जाहीर करणे, एवढे सगळे या एका दगडात आहे. श्रेणींवर लोकांचा विश्वास होता म्हणूनच नोंद पैशाच्या जागी चालली. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील नाशिकच्याच एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, तेली यांसारख्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद मिळते.

नाण्यांचा पुरावा सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे सापडला. १९०६ मध्ये तेथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा उजेडात आला. सुमारे तेरा हजार नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा नव्याने मारलेला होता. राज्य बदलले तरी चांदी तीच होती. बदलली होती ती हमी. जुने नाणे वितळवून नवे पाडण्याऐवजी त्यावरच नवा ठसा मारला म्हणजे बाजारातील पैसा अडत नाही आणि त्यामागे कोण उभे आहे हेही सर्वांना कळते. नाणी आणि त्यांचा अभ्यास यांसाठी त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी येथे मुद्राशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली, ती याच भूमीत शोभते.

अनेक रुपये आणि बट्टा

मराठा काळात अडचण नाण्यांच्या तुटवड्याची नव्हती, नाण्यांच्या जातींची होती. नाशिकला मोगलांनी दिलेल्या ‘गुलशनाबाद’ या नावाच्या टांकसाळीचे रुपये होते. होळकरांच्या चांदवड टांकसाळीचा चांदवडी रुपया दूरवर चाले. त्यांच्या जोडीला अंकुशी, मल्हारशाही, सुरती, हाली असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. सगळ्यांचे नाव रुपयाच, पण वजन आणि चांदीचा कस निराळा. त्यामुळे एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना बट्टा द्यावा लागे. हा बट्टा ऋतूप्रमाणे, मागणीप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलत असे.

या गोंधळातून वाट काढणारे दोन घटक म्हणजे सराफ आणि पोतदार. सराफ नाणे वाजवून, घासून, तोलून पाही. पोतदार सरकारी भरण्यातील नाणी पारखून घेई. रामकुंडापासून जवळ असलेला नाशिकचा सराफ बाजार त्या कामाची आठवण नावातून जपतो. पण पारख करणाऱ्याचे ज्ञान ही त्याची मिळकत होती, तर शेतकऱ्याचे आणि छोट्या दुकानदाराचे अज्ञान हा त्यांचा तोटा. धान्य विकून आलेल्या माणसाला आपल्या हातातील रुपया बाजारात किती आण्यांचा, हे दुसऱ्याकडूनच ऐकावे लागे. पैशाची तिसरी कसोटी, म्हणजे घट न होता पुढे जाणे, येथे रोज मोडत होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नाशिक कंपनी सरकारच्या अमलाखाली आले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. जुने रुपये एका दिवसात नाहीसे झाले नाहीत, पण सरकारी भरण्यात एकच नाणे चालू लागल्यावर बट्ट्याचा व्यवहार हळूहळू आटला. एकसारखेपणा ही सोय बाजाराला मिळाली आणि ती पुन्हा कुणी मागे नेली नाही.

हुंडी : पैसा न हलवता पैसा पोचवणे

नाशिक तीर्थक्षेत्र. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात आणि एरवीही दूरदूरचे यात्रेकरू गोदावरीकाठी येत. वाटेत चोर-दरोडेखोरांचे भय असल्याने मोठी रक्कम अंगावर बाळगणे धोक्याचे होते. व्यापाऱ्यांची अडचणही तीच. त्यावरचा तोडगा म्हणजे हुंडी. आपल्या गावच्या सावकाराकडे पैसे भरायचे, त्याने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहायची आणि ती दाखवून तेथे पैसे घ्यायचे.

हुंडीचे नियम काटेकोर होते. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत, म्हणजे चिठ्ठी चोरीला गेली तरी चोराला ती वटवता येत नसे. मूळ हुंडी हरवली तर पेठ लिहीत, तीही गहाळ झाली तर परपेठ. प्रत्येक नव्या चिठ्ठीत आधीच्या चिठ्ठीचा उल्लेख असल्याने एकाच रकमेचे पैसे दोनदा दिले जात नसत. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत आणि ती पुरावा म्हणून जपून ठेवत. या सेवेचा मोबदला म्हणजे हुंडणावळ.

दूरच्या माणसाची ओळख पटवणे, एकच पैसा दोनदा खर्च होऊ न देणे आणि व्यवहार पुरा झाल्याची खूण ठेवणे, हे तिन्ही प्रश्न हुंडीने कागदावर सोडवले. आजच्या इलेक्ट्रॉनिक भरण्यालाही हेच तीन प्रश्न सोडवावे लागतात. फरक इतकाच की हुंडी पेढीवाल्यांच्या वर्तुळातली होती. ज्याची कुठल्या पेढीवर पत नाही, अशा मजुराला किंवा कुळाला तिचा उपयोग नव्हता. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली, तेव्हा हे दार सामान्य माणसाला प्रथम उघडले. मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेल्या माणसाची पाच-दहा रुपयांची रक्कम पोस्टमन घरी आणून देऊ लागला. रक्कम लहान, पण हमी सरकारची.

नोट आणि नाशिकरोडची प्रेस

१८६१ च्या कायद्याने हिंदुस्थान सरकारच्या कागदी नोटा सुरू झाल्या. लोकांनी त्या लगेच आपल्या मानल्या नाहीत. देश चलनाच्या सर्कलांत विभागलेला होता आणि नोट तिच्या सर्कलमध्येच कायदेशीर चलन होती. मुंबई सर्कलची नोट दुसऱ्या सर्कलमध्ये नेली तर ती स्वीकारण्याचे बंधन नसे आणि मग पुन्हा बट्टा लागे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाच रुपयांच्या नोटेवरील हे बंधन निघाले. १९१०-११ पर्यंत दहा, पन्नास आणि शंभर रुपयांच्या नोटाही सर्वत्र चालू लागल्या. नोटांचा वापर वाढण्यामागचे हे मोठे कारण होते. एका वर्तुळात अडकलेला पैसा लोकांना नको असतो, तो कुठेही चालला पाहिजे.

विश्वास किती नाजूक असतो, हे पहिल्या महायुद्धात दिसले. चांदी दुर्मिळ झाली, १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली आणि १९१८ मध्ये नोटेच्या बदल्यात चांदीचे रुपये मिळतील की नाही या शंकेने देशाच्या काही भागांत नोटा बट्ट्याने विकल्या गेल्या. सरकारची सही होती, पण रुपया हातात पडेल याची खात्री डळमळली होती.

तोपर्यंत नोटा इंग्लंडहून छापून येत. १९२० च्या दशकात हे काम नाशिकरोडला आणले गेले. १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, तेथे टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापले जाऊ लागले. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेसमधून भारतात छापलेली पाच रुपयांची पहिली नोट बाहेर पडली. नाशिकरोडला आजही नुसते ‘प्रेस’ म्हटले की कुणालाही कळते. तीन-तीन पिढ्या प्रेसमध्ये काम केलेली घरे तेथे आहेत. खास कागद, जलचिन्ह, उठावाची छपाई, प्रत्येक नोटेचा वेगळा क्रमांक आणि प्रत्येक पत्रकाचा हिशेब, ही सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी होती. पूर्वी सराफाने करायची पारख आता कुणालाही बोटांनी आणि डोळ्यांनी करता यावी.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पई हा हिशेब जाऊन रुपयाचे १०० नवे पैसे झाले. काही वर्षे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालले आणि मग जुना विसरला गेला. हिशेब सोपा झाला तर बाजार सवय बदलतो, याचा तो मोठा धडा होता.

खाते, पिग्मी आणि यंत्र

इलेक्ट्रॉनिक पैशासाठी आधी खाते लागते. नाशिक जिल्ह्यात ते अनेक वाटांनी आले. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांनी शेतकऱ्याला पीककर्जाच्या निमित्ताने खात्याची ओळख करून दिली. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना आणि प्रेस यांच्या कामगारांचे पगार बँकेत जमा होऊ लागले. शहरात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था वाढल्या. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा ग्रामीण भागात पोचल्या.

छोट्या दुकानदाराच्या बाबतीत पिग्मीचे, म्हणजे रोजच्या लहान ठेवीचे, महत्त्व विशेष. संध्याकाळी एजंट दुकानावर येई, दहा-वीस-पन्नास रुपये घेई, पुस्तकात किंवा पुढे हातातल्या छोट्या यंत्रावर नोंद करी आणि पावती देई. दिवसभराच्या गल्ल्यातील थोडी रक्कम दुकान न सोडता खात्यात जाते आणि त्याची नोंद लगेच हातात पडते, ही सवय भद्रकालीच्या भाजीवाल्याला आणि रविवार कारंजाच्या किरकोळ दुकानदाराला क्यूआर कोड येण्याच्या कितीतरी आधी लागली होती.

यंत्रे मात्र हळूहळू आली. एटीएमने रोख पैसा सोपा केला, कमी नव्हे. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या आरटीजीएस आणि एनईएफटी या यंत्रणा अनुक्रमे मार्च २००४ आणि २००५ मध्ये सुरू झाल्या, पण त्यांचा वापर मोठे व्यापारी आणि संस्था करीत. कार्ड घासण्याचे यंत्र मोठ्या दुकानात असे. विक्रीच्या रकमेतून काही टक्के बँकेला द्यावे लागत असल्याने छोटा दुकानदार त्याच्या वाटेला जात नसे. ही कपात म्हणजे नव्या वेषातील बट्टाच होता. नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएसने मोबाइलवरून तत्काळ पैसे पाठवण्याची सोय केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधार क्रमांक वाटपाची सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती उघडली गेली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत बँकमित्राकडे अंगठा लावून आधारवर पैसे काढण्याची पद्धत रुळली. द्राक्षाच्या हंगामात मजुरीसाठी निफाड-दिंडोरीला उतरणाऱ्या कुटुंबांना खात्याची गरज पटू लागली ती यातून.

नोव्हेंबर २०१६

११ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय भरणा महामंडळाने, म्हणजेच एनपीसीआयने, यूपीआय ही प्रणाली जाहीर केली. ऑगस्टअखेर बँकांची अॅप लोकांच्या हाती आली. सप्टेंबरमध्ये जिओने स्वस्त इंटरनेट आणले. तरीही बाजारात फारसे काही हलले नव्हते. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या हिशेबाने चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा एका घोषणेने बाद झाल्या.

नाशिकसाठी हा प्रसंग दुहेरी होता. एकीकडे प्रेसच्या कामगारांनी सुट्या बाजूला ठेवून जादा वेळ काम केले आणि पाचशेच्या नव्या नोटा छापून पाठवल्या. दुसरीकडे जिल्ह्याचा शेतमालाचा व्यापार ठप्प झाला. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. ग्रामीण भागातील ज्या बँकेत शेतकऱ्याचे खाते होते, तीच नोटाबदलाच्या वाटेतून बाहेर पडली. आधीच्या चार दिवसांत या बँकांनी घेतलेल्या नोटा जून २०१७ पर्यंत अडकून राहिल्या. ज्यांचा दोष काहीच नव्हता अशा शेतकऱ्यांनी याची झळ सोसली, ही गोष्ट पैशाच्या इतिहासात नोंदवून ठेवली पाहिजे.

लासलगावची बाजार समिती १९४७ पासून चालू आहे आणि कांद्याचा देशातील भाव तेथील लिलावावर ठरतो. व्यवहार असा चालतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या राहतात, व्यापारी एकेका ट्रॉलीपुढे बोली लावतात, ठरलेला भाव चिठ्ठीवर लिहिला जातो. मग भुईकाट्यावर भरल्या ट्रॉलीचे वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवणे, पुन्हा रिकाम्या ट्रॉलीचे वजन. त्यावरून हिशोबपट्टी तयार होते आणि शेतकरी पैसे घेऊन घरी जातो. माल विकला त्याच दिवशी पैसे मिळावेत, हा बाजार समितीच्या कायद्याचा दंडक आहे. शेतकऱ्याच्या मनातही त्या दिवशीच्या रोखीला मोठे मोल आहे, कारण परतीच्या वाटेवर खताच्या दुकानाचे, डिझेलचे आणि मजुरांचे देणे उभे असते.

नोटाबंदीनंतर लिलाव काही दिवस बंद राहिले. सुरू झाले तेव्हा व्यापाऱ्यांनी धनादेश दिले. धनादेश वटायला दिवस लागत, काही परत येत, आणि वटला तरी बँकेत काढायला रोकड नसे. म्हणजे पहिली आणि दुसरी या दोन्ही कसोट्यांवर धनादेश तोकडा पडला. जेथे रोख मिळे त्या बाजाराकडे माल वळवण्याचा शेतकऱ्यांचा कल राहिला तो त्यामुळेच. पुढे एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू झाल्या. हिशोबपट्टी हातात पडते तोच खात्यात रक्कम आल्याचा संदेश येतो, असे घडू लागल्यावर विरोध मावळत गेला. द्राक्ष उत्पादकांना आणखी एक कारण होते. बागेवर सौदा करून माल नेणारा व्यापारी पैसे बुडवून पसार होणे, हे जिल्ह्याचे जुने दुखणे. खात्यावरचा व्यवहार निदान पुरावा तरी ठेवतो.

वर्तुळ मोडले तेव्हा

नोटाबंदीच्या महिन्यांत शहरात जे पसरले ते मोबाइल पाकीट. त्यात आधी पैसे भरायचे आणि त्याच कंपनीच्या पाकिटाला द्यायचे. एका कंपनीच्या पाकिटातून दुसरीच्या पाकिटात पैसे जात नसत. दुकानदाराला तीन-चार वेगवेगळ्या पाट्या लावाव्या लागत आणि पाकिटातील पैसे खात्यात नेताना शुल्क पडे. १८६१ च्या सर्कलमधील नोटेसारखी ही अवस्था होती. रोख परत आली तसे अनेकांनी पाकीट सोडून दिले. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. पण नोटा मुबलक झाल्यावर तेथील व्यवहारही बऱ्याच अंशी रोखीकडे परतले. टंचाईने लावलेली सवय टंचाईपुरतीच टिकते.

टिकले ते यूपीआय, आणि त्याची कारणे बाजाराच्या जुन्या कसोट्यांशी जुळतात. पैसा बँकेतच राहतो, पाकिटात वेगळा भरावा लागत नाही. ग्राहकाचे अॅप एका कंपनीचे आणि दुकानदाराचे दुसऱ्या कंपनीचे असले तरी चालते, कारण मधली यंत्रणा एकच आहे. खाते क्रमांक पाठ असण्याची गरज नाही, मोबाइल क्रमांक किंवा कोड पुरेसा. सिमकार्डाशी जोडलेला फोन आणि गुप्त पिन अशी दुहेरी ओळख लागते. आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील दुकानदाराचे शुल्क शून्य केले गेले. दहा रुपयांचा चहा विकणाऱ्याला पूर्ण दहा रुपये मिळू लागले, बट्टा उरला नाही.

टपरीवरचा व्यवहार जवळून पाहिला तर आणखी काही गोष्टी दिसतात. गिऱ्हाईक “स्कॅनर आहे का?” विचारते, फोन कोडपुढे धरते, नाव वाचते, रक्कम आणि पिन टाकते. विक्रेत्याचे हात भज्यांच्या पिठात किंवा मिसळीच्या रश्श्यात गुंतलेले असतात, त्याला फोन पाहायची सवड नसते. गाड्यावरचा साउंड बॉक्स मराठीत रक्कम उच्चारतो आणि गिऱ्हाईक पुढे जाते. आले किती हे कानाने कळण्याची ही सोय नसती, तर अक्षरओळख नसलेल्या किंवा कामात गुंतलेल्या विक्रेत्याने दुसऱ्याच्या फोनवरील हिरव्या खुणेवर विश्वास ठेवला नसता. नाणे वाजवून पाहणाऱ्या सराफाची जागा या आवाजाने घेतली.

दुसरे कारण सुट्ट्यांचे. दोन-तीन रुपयांसाठी वाद, सुट्ट्यांच्या नावाखाली हातात ठेवलेले चॉकलेट, एसटीत वाहकाने तिकिटामागे लिहून दिलेली उरलेली रक्कम, हे सगळे प्रत्येकाने अनुभवलेले. सत्तेचाळीस रुपयांना नेमके सत्तेचाळीस देता येणे ही ग्राहक आणि विक्रेता दोघांची सुटका होती. २०२०-२१ च्या साथीत नोटेला हात लावण्याची भीती त्यात भर घालून गेली. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने फेरीवाल्यांना दहा हजारांचे पहिले कर्ज देताना डिजिटल व्यवहारांवर दरमहा थोडी रक्कम परत देण्याचे ठरवले. खात्यावर दिसणारी रोजची आवक ही त्यांची पत ठरू शकते, हे त्यातून अनेकांच्या प्रथम लक्षात आले.

सगळ्यात प्रभावी कारण मात्र संख्येचे. शेजारच्या गाड्यावर कोड आहे आणि आपल्याकडे नाही, तर गिऱ्हाईक शेजारी जाते. ग्राहक वाढले की दुकाने वाढतात, दुकाने वाढली की ग्राहक. जगभर हाच अनुभव आहे. १९९५ मध्ये इंग्लंडमधील स्विंडन येथे मोंडेक्स या इलेक्ट्रॉनिक पाकिटाचा प्रयोग झाला, पण रोख जिथे सहज चालत होती तिथे तो रुजला नाही. हाँगकाँगचे ऑक्टोपस कार्ड १९९७ मध्ये रोजच्या प्रवासाला जोडले गेले आणि घरोघरी पोचले. केनियातील एम-पेसा २००७ पासून गावी पैसे पाठवणाऱ्या मजुराच्या गरजेवर वाढले. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार प्रथमच एक हजार कोटींवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला गेला.

रोख का टिकली

एवढे होऊनही रोख संपलेली नाही. नोटाबंदीआधी देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन फिरत होते, मार्च २०२४ मध्ये ते ३५ लाख कोटींच्या जवळ पोचले. प्रेसचे काम थांबलेले नाही. लोक रोजचा खर्च फोनवरून करतात आणि अडीअडचणीची पुंजी नोटांत ठेवतात. त्यामागे कारणे आहेत. घाटातल्या गावांत नेटवर्क जाते, वीज जाते, बँकेचा सर्व्हर बंद पडतो. वयस्क माणसांना पिन सांभाळणे अवघड जाते आणि घरातील फोन बहुधा एका पुरुषाच्याच हाती असतो. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट सुरू झाले, पण अडाणीपणाचा फायदा घेणारेही तितकेच हुशार झाले. “पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा” असे सांगून पिन टाकायला लावणे हा फसवणुकीचा ठरलेला मार्ग. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक घरात पोचले तर अनेकांची पुंजी वाचेल. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करणे हाच पहिला उपाय.

नोंद राहणे हा या पैशाचा गुण आहे आणि काहींच्या लेखी तोच दोष. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरच्या अनेक दुकानांतून कोडच्या पाट्या उतरल्या. पैशामागील संस्था आपल्या बाजूची आहे, ही भावना गेली की माणूस पुन्हा नोटेकडे वळतो. १ डिसेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने निवडक शहरांत किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपया प्रायोगिक स्वरूपात आणला. तो नोटेसारखे थेट रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. पण यूपीआयने न भागणारी कोणती गरज तो भागवतो, हे ग्राहकाला दिसल्याशिवाय त्याचा प्रसार होणे कठीण.

नाशिकपुरती पुढची परीक्षा ठरलेली आहे. २०१५ चा सिंहस्थ झाला तेव्हा यूपीआय अस्तित्वात नव्हते. २०२६-२७ चा सिंहस्थ हा त्यानंतरचा पहिला. लाखो भाविक काही किलोमीटरच्या परिसरात एकाच वेळी फोन काढतील तेव्हा नेटवर्क, बँकांच्या यंत्रणा आणि फसवणुकीपासूनचे संरक्षण, या सगळ्यांचा कस लागेल. फुलवाली, नावाडी, चहावाला आणि तीर्थोपाध्याय यांना त्या गर्दीत पैसे वेळेवर आणि पूर्ण मिळाले, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्यालाही नोट देऊन तीच सेवा मिळाली, तर नवे चलन बाजारात खरोखर मुरले असे म्हणता येईल. लोक पैशाचे नवे रूप स्वीकारतात ते त्यामागची हमी पक्की असल्याने, ते सर्वत्र चालत असल्याने आणि त्यात घट होत नसल्याने. यातील एक जरी अट ढिली पडली तरी बाजार जुन्या रूपाकडे परततो. म्हणून या तिन्ही अटी सांभाळणे ही बँकांची, सरकारची आणि यंत्रणा चालवणाऱ्यांची रोजची जबाबदारी आहे.